पाच तबकड्या आणि एक इश्श

गाणं ऐकायला चार माणसं एका खोलीत बसली की गाणं तासाभरात संपतं आणि भानगडी मागे उरतात. गाण्याबद्दल लिहिणारे पुष्कळ. भानगडी लिहून ठेवाव्यात असं कुणालाच वाटत नाही, म्हणून त्या सगळ्या माझ्या डोक्यात साठत गेल्या. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले. पुढचं वाचन सुताच्या खोक्यांवरच्या छापील अक्षरांवर स्वतःच शिकले, गुजराती दुकानांच्या पाट्यांवर आणि इंग्रजी तबकड्यांच्या पुठ्ठ्यांवर. विसरायला मात्र मला कुणी शिकवलं नाही.

लोक विचारतात, "मावशी, सुरतेत राहून तुम्ही जर्मन गाणी कशी हो ऐकायचात?" जसं काही सुरतेत कान लावायला बंदी आहे.

*

सुरुवात दाढेपासून झाली.

सलाबतपुऱ्यात एक पारशी दातांचे डॉक्टर होते. आम्ही सगळे त्यांना दाक्तरच म्हणायचो, तेव्हा इथेही दाक्तरच. दात कोरायच्या मशीनची घरघर ऐकून पेशंट घाबरतात, म्हणून ते दवाखान्यात विलायती गाण्यांच्या तबकड्या लावायचे. मी खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, आणि वर एक बाप्या मोठ्या वाद्यवृंदासमोर गातोय.

मी हात वर केला. दाक्तरांना वाटलं दुखतंय, त्यांनी एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मी पुन्हा हात वर केला. त्यांनी दुसरं दिलं. तिसऱ्यांदा सुई घेऊन आले तेव्हा मी कापूस थुंकला आणि म्हटलं, "दुखत नाही हो. तो गाणारा श्वास भलत्या जागी घेतोय."

दाक्तर सुई हातात धरून उभेच. मग सुई ठेवली, तबकडी मागे नेली, पुन्हा ऐकली. "शू वात करे छे," असं पुटपुटले आणि माझी दाढ तशीच सोडून तिसऱ्यांदा ऐकायला बसले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं अर्धं तोंड बधिर होतं. उरलेल्या अर्ध्या तोंडाने मी त्यांच्याशी वाद घातला. निघताना ते म्हणाले, रविवारी दुपारी वरच्या माळ्यावर या, आम्ही तिघं ऐकायला बसतो.

*

तिघं म्हणजे दाक्तर, त्यांची थोरली बहीण आलूबाई आणि कुलकर्णीसाहेब. आलूबाई गाणं सुरू असताना लोकरीचं विणायच्या आणि मान वर न करता बोलायच्या. कुलकर्णीसाहेब बँकेत होते, पंचेचाळिशीचे, पुण्यात जर्मनचे वर्ग केलेले, आणि ते वर्ग केल्याचं दर पंधरा मिनिटांनी सांगणारे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आजी म्हटलं. मी सांगितलं, आजी म्हणायचं तर आधी वाकून पाया पडा, नाहीतर कौतिकबाई म्हणा. बिचारे खरंच वाकले! तेव्हापासून माणूस वाईट नाही हे मला कळलं, पण त्यांना ते कळू दिलं नाही.

मी एकवीस वर्षं बॉबिनवर काम केलं. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बायका सूत बॉबिनवर भरतात, ते काम. शंभर बॉबिनी एकदम फिरत असतात. त्यात एकीचा धागा तुटला तर डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं, कारण आवाजातला एक बारीक तंतू कमी होतो. हाताला कंप आला म्हणून काम सुटलं. कान कुठे सुटतात?

*

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईहून दाक्तरांना पत्र आलं. तिकडे विलायती संगीत ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. ते दर सहा महिन्यांनी एक पत्रक छापायचं. एकच रचना घ्यायची, तिच्या बाजारात मिळतील तेवढ्या तबकड्या ऐकायच्या आणि कुठली घ्यावी याचा निवाडा द्यायचा. या खेपेचा निवाडा सुरतेकडे दिला होता. खाली तीन परीक्षकांची नावं छापणार होते.

रचना म्हणजे सहा गाण्यांची माळ. मागे साठ-सत्तर वादक, पुढे गाणारं माणूस एकच, आणि सहाही गाण्यांत मिळून गोष्ट एकच: एक जण गाव सोडतो, वणवण फिरतो, आणि सहाव्या गाण्यात परत येऊन आपल्याच घराचं दार वाजवतो. रचणाऱ्याचं नाव लिहीत नाही. मला ते लिहिता येतं, पण तुम्हाला उच्चारता येणार नाही.

पाच तबकड्या जमल्या. परीक्षक तीन. दाक्तर एक, कुलकर्णीसाहेब दोन. आलूबाईंनी आधीच सांगून टाकलं की त्यांना नाव-बिव नको, या वयात नाव छापून आलं की लोकांना वाटतं बाई गेली.

तिसरी मी, असं मी धरून चालले होते. कुलकर्णीसाहेबांनी घसा खाकरला. म्हणाले, बडोद्याचे एक प्राध्यापक आहेत, त्यांना विचारू. पत्राबरोबर फॉर्म आलाय, त्यावर प्रत्येकाची तालीम लिहायची आहे, मंडळ मुंबईचं आहे, उगाच कुणी काही म्हणायला नको.

प्राध्यापक आमच्या माळ्याची एक पायरी चढले नव्हते. मला राग आला की अहिराणी येते. "तुले काय समजस रे," मी म्हटलं, "ऐकसू मी आनि नाव त्यानं?"

मग शुद्ध मराठीत सांगितलं, कारण ती धमकीला बरी पडते: "माझे कान पाहिजेत तर माझं नावही छापलं पाहिजे."

दाक्तर म्हणाले, आधी ऐकू, नावाचं मग बघू. नावाचं मग बघू, हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. तरी दर रविवारी गेले.

*

गोडादऱ्याच्या आमच्या घरून शटल रिक्षाने जायचे. शेजारणी सुनेला विचारायच्या, सासूबाई कुठे जातात? सून सांगायची, दातांच्या दवाखान्यात.

चौथ्या महिन्यात एक शेजारीण घरी येऊन मला म्हणाली, "मावशी, उरलेत किती अजून?"

*

पहिल्या दोन तबकड्या बायांनी गायलेल्या होत्या. मी वही घेऊन बसले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ही बाई दर दोन ओळींनी "इश्श" म्हणते. गोड म्हणते, पण किती वेळा? पहिल्या गाण्यात मी नऊ इश्श मोजले. गाव सोडून चाललेली बाई, घरदार सुटलंय, आणि इश्श? मी वहीत लिहिलं, "लाजणं जास्त, दुःख कमी," आणि दोन मार्क कापले.

दुसरी बाई ऐकली. तीही लाजते.

तिसरी तबकडी लागली तर बाप्याचा आवाज, चांगला घागरीसारखा खोल. त्यानेही पहिल्याच ओळीत इश्श केलं. आता मात्र मी वही मिटली आणि विचारलं, जर्मनीत पुरुषसुद्धा लाजतात का?

कुलकर्णीसाहेबांना हसू आवरेना. जर्मनमध्ये "मी" याला तसा शब्द आहे म्हणे. ते इश् नसतं, कुठेतरी टाळूजवळ घासून येतं, पण ऐकायला तसंच. मी, मी चाललो, मी कुणाचा नाही, असं ते गाणं होतं.

मी कापलेले मार्क परत दिले. पण एक सांगते, ज्या भाषेत "मी" म्हणताना माणूस इश्श करतो, ती भाषा मला तेव्हापासून आवडली. आमच्याकडे उलटं आहे. कुलकर्णीसाहेब इश्श म्हणाले असते तरी त्यातून "मी"च ऐकू आलं असतं.

*

दुसऱ्या गाण्यात "लुफ्त" हा शब्द चारदा येतो. तो मला आधीच माहीत होता. आमच्या खात्यातले हिंदीवाले चहा पितानासुद्धा लुफ्त घ्यायचे, म्हणजे मजा. म्हणून ज्या गायिकेच्या गळ्यात लुफ्त जास्त, तिला मी जास्त मार्क दिले.

कुलकर्णीसाहेबांनी वही पाहिली आणि डिक्शनरी काढली. लुफ्त म्हणजे हवा. वाटसरू डोंगरावर चढतो, तिथे मोकळी हवा आहे, एवढंच.

मी जरा ओशाळले, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात आलूबाई विणता विणता म्हणाल्या, "सुरतना लोक डुमस पर हवा खावा जाय, ते शेने माटे जाय?"

समुद्रावर हवा खायला जातात ते लुफ्तासाठीच. कुलकर्णीसाहेबांनी डिक्शनरी मिटली. माझे मार्क कायम राहिले.

*

चौथी तबकडी एका भारदस्त आवाजाच्या बाईची होती. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिचा सूर हळूच खाली उतरला, मागचे साठ वादकही तिच्याबरोबर उतरले. दाक्तरांनी मार्क कापला. मी लिहिलं, "दमली." कुलकर्णीसाहेबांनी अख्खा परिच्छेद लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. त्यात होतं की गायिका इथे जाणूनबुजून काळोख आणते, वाटसरूच्या मनातली संध्याकाळ सुरांत उतरवते. परिच्छेद चांगला होता. मला वाटलं, आपल्यालाच कळलं नाही.

पुढच्या रविवारी चहामुळे उशीर झाला आणि तबकडी उशिरा लागली. त्या दिवशी संध्याकाळ दुसऱ्याच गाण्यात उतरली. त्या गाण्यात भर सकाळ होती!

मी खिडकीपाशी गेले. मागच्या गल्लीत लूमचं खातं होतं. दुपारची सुट्टी संपली की सगळे माग एकदम सुरू व्हायचे, आमचं व्होल्टेज बसायचं, तबकडी मंद फिरायची. वाटसरूच्या मनातला काळोख खात्यातून येत होता.

मी खाली उतरून मुकादमाकडे गेले. मराठवाड्यातला भला माणूस. त्याला म्हटलं, बाबा, रविवारी माग एकदम सुरू करू नकोस, एकेक ओळ सुरू कर, वर आमची बाई बसते.

तो धावतच पाण्याचा तांब्या घेऊन वर आला. दारात उभा राहून चौघांकडे बघत म्हणाला, "कुठंय? डॉक्टरनी लय टोचलं का?"

पण ऐकलं हो त्याने. त्यानंतर दर रविवारी माग ओळीओळीने सुरू झाले. कुलकर्णीसाहेबांनी परिच्छेद फाडला नाही. म्हणाले, दुसरीकडे कुठेतरी वापरीन.

*

पाचवी तबकडी कुलकर्णीसाहेबांचं दैवत होती. जाड खोका, आत पुस्तिका, गायक जगभर गाजलेला. पाचवं गाणं सुरू असताना मी म्हटलं, "इथे गाठ आहे."

"कसली गाठ?"

"धागा तुटलाय आणि जोडलाय."

ते चिडले. एवढी नावाजलेली कंपनी, असं होणं शक्य नाही म्हणाले. मी विचारलं, कंपनी नावाजलेली असली म्हणजे धागा तुटत नाही का? उलट चांगल्या खात्यात गाठ मारणारी बाई जास्त हुशार ठेवतात.

त्यांनी हेडफोन लावले. ऐकलं, मान हलवली. पुन्हा ऐकलं, पुन्हा मान हलवली. दाक्तर पेपर वाचायला लागले. आलूबाईंची एक बाही विणून झाली. शेवटी कुलकर्णीसाहेबांनी हेडफोन काढले आणि आलूबाईंकडे पाणी मागितलं.

त्या दिवशी तसेच घरी गेले. पुढच्या रविवारी आल्याआल्या, चपला काढायच्या आधी मला म्हणाले की त्यांनी घड्याळ लावून तपासलं. त्या ओळीत गायक श्वासच घेत नाही. एवढा दम माणसाला असू शकत नाही. दोनदा गायलेलं एकत्र जोडलंय.

"पण गाठ चांगली मारलीय, कौतिकबाई."

मी म्हटलं, चांगलीच मारलीय. तसली मुलगी आमच्या खात्यात असती तर मी तिला माझ्या शेजारी बसवली असती. चांगली गाठ बोटाला लागत नाही. पण कापडात गाठ निघाली की थान सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात जातं, मग गाठ कुणीही मारलेली असो.

सेकंड हा शब्द त्यांना फार लागला. दोन रविवार माझ्याशी जर्मनमध्ये बोलले.

*

शेवटी निवाड्याचा दिवस आला. मार्कांची बेरीज केली तर तीन तबकड्या सारख्याच. दाक्तर म्हणाले, फक्त सहावं गाणं पाचही ऐकू आणि संपवू.

सहाव्या गाण्यात तो माणूस दार वाजवतो. वाद्यवृंद थांबतो. आतून कुणीतरी विचारतं, कोण? आणि बाहेरचा एकच शब्द म्हणतो. मी.

पहिली बाई "मी" अशी म्हणाली की माहेरपणाला आलीय आणि बॅगा मागच्या गाडीत आहेत. दुसरीने इतक्या जोरात म्हटलं की आतला माणूस खिडकीतून पळाला असता. तिसरा, तो घागरीच्या आवाजाचा, लाइटवाला मीटर बघायला आल्यासारखा. कुलकर्णीसाहेबांचं दैवत जावयासारखं म्हणालं, पाट मांडलेला असणार याची खात्री असलेलं.

मग ती व्होल्टेजने बसणारी बाई लागली. मागच्या खात्यात नुकतीच पहिली ओळ सुरू झाली होती, पण तबकडी सरळ फिरत होती. तिने "मी" म्हणायच्या आधी जरा थांबून घेतलं. आणि मग असं म्हटलं, जणू तिलाच ते नक्की माहीत नाही.

तबकडी संपून सुई खरखरत राहिली.

मग मी त्यांना सांगितलं. सुरतेला आल्यावर नऊ वर्षं मला माहेरी जाता आलं नाही. गेले तेव्हा आई नव्हती. दार वाजवलं, आतून नव्या भावजयीने विचारलं, "कोन शे वो?" मी तिला माहीत नव्हते, ती मला माहीत नव्हती. कौतिक म्हणावं तर तिला काय कळणार? थोरली नणंद म्हणावं तर माझी जीभ उचलेना. मी नुसतं "मी" म्हटलं. अगदी असंच.

"दार उघाड्युं के?" आलूबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी सुया खाली ठेवल्या होत्या.

उघडलं, मी म्हटलं. भाकरी करून वाढली.

दाक्तरांनी चष्मा पुसला. कुलकर्णीसाहेबांनी आपल्या दैवताचा खोका उचलून पिशवीत घातला, वहीत चौथ्या तबकडीपुढे खूण केली आणि म्हणाले, "एकमताने."

*

मग फॉर्म निघाला. इंग्रजी फॉर्म, तीन ओळी. नाव, गाव, तालीम कुणाकडे, किती वर्षं. दाक्तरांची ओळ भरली. कुलकर्णीसाहेबांनी आपली ओळ भरली, ती रकान्यात मावेना म्हणून समासात गेली. तिसऱ्या ओळीपाशी पेन थांबलं.

मी बघत होते. बडोद्याचं नाव आलं असतं तर मी उठले असते आणि तो जिना पुन्हा चढले नसते.

त्यांनी वर न बघता विचारलं, "कौतिकबाई, वडिलांचं नाव?"

निंबा, मी सांगितलं. आडनाव माळी. गाव सुरत.

"आता तालीम. कुणाकडे लिहू?"

"लिहा की. बॉबिन. एकवीस वर्षं."

ते हसले नाहीत. मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहिलं, खाली रेघ मारली आणि माझ्यासमोर सही करायला ठेवलं. आंगठ्याची शाई आणायला आलूबाई उठल्या होत्या, त्यांना मी खाली बसवलं. सही केली, वेलांटीसकट.

तीन महिन्यांनी पत्रक आलं. गुळगुळीत कागद. निवाड्याखाली वयाच्या मानाने नावं लावली होती, म्हणून माझं पहिलं. मी ते सुनेला दाखवलं, शेजारणीला दाखवलं, मुकादमालाही दाखवलं.

पत्रकाबरोबर मंडळाच्या चिटणीसांचं मला वेगळं पत्र होतं. मराठीत, सुंदर अक्षर. आपला निवाडा वाचून मंडळातले जाणकार थक्क झाले. आपण बॉबिनसाहेबांकडे एकवीस वर्षं तालीम घेतलीत हे कळलं. इतका थोर गुरू सुरतेत राहून गेला आणि आम्हा मुंबईकरांना पत्ता नाही याची लाज वाटते. त्यांचे आणखी कुणी शिष्य आहेत का, आणि साहेब स्वतः अद्याप हयात आहेत का, कृपया कळवावं.

कुलकर्णीसाहेब म्हणाले, मी खुलासा लिहून पाठवतो. मी म्हटलं, पत्र मला आलंय, उत्तर मी लिहीन.

पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं:

"सा. न. वि. वि. एका पाळीत आम्ही चाळीस शिष्या होतो. साहेबांची प्रकृती ठणठणीत आहे, दिवसरात्र फिरत असतात."